कौन्सिलातले टिळक : सुरतेच्या जोड्याआधीची गोष्ट

सुरत : लोकमान्य टिळक आणि सुरत ही दोन नावं एकत्र आली की बहुतेकांना एकच प्रसंग आठवतो. डिसेंबर १९०७, तापीकाठी काँग्रेसचा मांडव, व्यासपीठाच्या दिशेने भिरकावलेला एक दक्षिणी जोडा आणि त्यानंतर उडालेल्या खुर्च्या. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारी ही गोष्ट. पण मांडवात हाताची घडी घालून उभा राहिलेला तो माणूस त्याच्या बारा वर्षं आधी मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात निवडून गेला होता, आजच्या भाषेत आमदार झाला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि ज्या विभागातून तो निवडून गेला, त्यात आपला खानदेशही होता.

आज उधना, लिंबायत, पांडेसरा भागात राहणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांचं मूळ गाव धुळे, नंदुरबार किंवा जळगाव जिल्ह्यात आहे. त्यांच्या पणजोबांच्या काळातला हा लोकप्रतिनिधी. दुष्काळ, साथ आणि समाजाला सरकारदरबारी मिळणारी किंमत, या तिन्ही प्रश्नांशी त्याची गाठ अवघ्या दोन वर्षांत पडली. त्या दोन वर्षांचा हिशेब सुरतेच्या जोड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मास्तराचा मुलगा

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शाळामास्तर, पुढे शिक्षण खात्यात बढती मिळाली आणि १८६६ मध्ये बदलीमुळे कुटुंब पुण्याला आलं. आई लवकर गेली, मॅट्रिकच्या सुमारास वडीलही गेले. गणितात पक्के असलेले टिळक डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले आणि १८७९ मध्ये वकिलीची पदवी घेतली. पण सरकारी नोकरी धरली नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, गोपाळ गणेश आगरकर यांच्यासोबत त्यांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढच्याच वर्षी मराठीत केसरी आणि इंग्रजीत मराठा ही दोन पत्रं सुरू झाली. कोल्हापूरच्या दिवाणावर केलेल्या लिखाणामुळे १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघेही तुरुंगात जाऊन आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. मग सहकाऱ्यांशी मतभेद वाढले आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले.

पोटापाण्यासाठी त्यांनी वकिलीचे खासगी वर्ग चालवले आणि लातूरला भागीदारीत सरकी काढण्याचा कारखाना घातला. दोन्ही पत्रं त्यांच्याकडे आली, सोबत त्यांचं कर्जही आलं. म्हणजे कौन्सिलात जाण्याआधीच कापसाचा भाव, व्याजाचा दर आणि कायद्याचं कलम या तिन्ही गोष्टी या माणसाला ठाऊक होत्या.

खानदेशचा प्रतिनिधी

१८९२ च्या कायद्याने इलाख्यांच्या कौन्सिलांमध्ये थोडे निवडून आलेले सभासद घ्यायला सुरुवात झाली. निवडणूक आजच्यासारखी नव्हती. सामान्य माणसाला मतच नव्हतं. मध्य विभागातल्या लोकल बोर्डांनी मिळून एक सभासद निवडायचा, अशी पद्धत होती. या मध्य विभागात पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक आणि तेव्हाचा अखंड खानदेश येत असे. सुरत जिल्हा त्याच इलाख्यात, पण उत्तर विभागात होता. १८९५ मध्ये टिळक या जागेवर निवडून आले आणि १८९७ मध्ये पुन्हा निवडून आले.

अधिकार किती, तर जवळजवळ काहीच नाही. अध्यक्षस्थानी गव्हर्नर, बहुमत सरकारी. सभासदांनी प्रश्न विचारायचा, अंदाजपत्रकावर बोलायचं, आणि खाली बसायचं. बजेटवर मत देण्याचा हक्क नव्हता. टिळकांनी हे लवकर ओळखलं. कौन्सिलात एक प्रश्न विचारून जेवढं पदरात पडत नाही, तेवढं सरकारने स्वतः छापलेला नियम गावात वाचून दाखवला तर पडतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. १८९५ मध्येच पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या गटाकडे आली. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बाजूची मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी डेक्कन सभा काढली. पुण्यातली ही फूट पुढे सुरतेपर्यंत पोचली.

पाऊस गेला, नियम राहिला

१८९६ चा पावसाळा दगा देऊन गेला. दख्खनच्या मोठ्या भागात खरीप बुडालं, रब्बीची आशा नव्हती. धान्याचे भाव चढले, गुरं कवडीमोलाने बाजारात येऊ लागली.

सरकारकडे दुष्काळासाठी नियमांचं एक पुस्तक होतं, त्याला फॅमिन कोड म्हणत. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ते तयार झालं होतं. दुष्काळी कामं कधी काढायची, मजुरी किती द्यायची, म्हातारे, आजारी, लहान मुलं यांना काम न करताही मदत कशी द्यायची, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. पीक किती आणे आलं त्याचा अंदाज म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. ती ठराविक मर्यादेखाली गेली की शेतसारा तहकूब किंवा माफ करण्याची तरतूद होती.

अडचण एवढीच की पुस्तक इंग्रजीत आणि कचेरीच्या कपाटात. गावातल्या कुणब्याला त्याची वार्ता नव्हती. तलाठी दारात आला की तो बायकोच्या अंगावरचं डाग मोडायचा, नाहीतर सावकाराकडे जमीन गहाण टाकून सारा भरायचा. सारा भरला गेला म्हणजे गावात दुष्काळ नाही, असं कागदावर दिसायचं.

टिळकांनी नेमकी इथेच मेख मारली. केसरीतून त्यांनी नियम सोप्या मराठीत समजावून सांगायला सुरुवात केली. सार्वजनिक सभेने माहितीची पत्रकं छापून वाटली आणि प्रचारक जिल्ह्याजिल्ह्यात पाठवले. सांगणं साधं होतं. ज्याच्याकडे आहे त्याने सारा भरावा. पण ज्याचं पीकच बुडालं आहे त्याने गुरं-भांडी विकून किंवा कर्ज काढून भरू नये, सूट मागावी, कारण ती सूट सरकारच्याच पुस्तकात आहे. त्याचबरोबर धान्याची दुकानं लुटू नका, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं जात होतं. पुण्यात स्वस्त धान्याची दुकानं निघावीत म्हणून टिळकांनी धडपड केली. सोलापुरात विणकर हातावर हात धरून बसले होते. तिथे जाऊन स्थानिक व्यापाऱ्यांच्या मदतीने विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम मिळावं, अशी योजना त्यांनी आखली. सरकारने ती उचलून धरली नाही.

उंबरगावची सभा आणि गेलेली मान्यता

सभेचे प्रचारक फक्त देशावर फिरत नव्हते. १८९६ च्या अखेरीस उंबरगाव तालुक्यातही शेतकऱ्यांची मोठी सभा झाली. तेव्हा उंबरगाव ठाणे जिल्ह्यात होतं. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा या तालुक्यातली बरीच गावं गुजरातमध्ये गेली. नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या बाजूचीही काही गावं तशीच गेली. आज नकाशावर दोन राज्यं दिसतात, पण १८९६ मध्ये या सगळ्या पट्ट्यात सारा एकच, नियम एकच आणि अडाणीपणाही एकच होता.

सरकारला ही फिरती खटकली. प्रचारकांवर खटले भरण्यापर्यंत मजल गेली. सारा न भरण्याची चिथावणी दिली जाते, असा आरोप होता. टिळकांचं म्हणणं, सरकारी नियम सांगणं हा गुन्हा असेल तर तो नियम छापणाऱ्यानेही केला आहे, अशा थाटाचं होतं. मार्च १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला अर्ज-विनंत्या करणारी संस्था म्हणून तिला यापुढे ओळखलं जाणार नव्हतं. १८७० पासून रयतेची गाऱ्हाणी मांडत आलेली संस्था एका हुकमाने सरकारदरबारी नाहीशी झाली. सभेची मान्यता गेली तरी पत्रकं मात्र लोकांच्या घरात पोचलेली होती.

किती गावांना नेमकी किती सूट मिळाली, यापेक्षा एक गोष्ट जास्त टिकली. सरकारी कचेरीत हात जोडून उभं राहायचं की नियम दाखवून मागायचं, यातला फरक लोकांना पहिल्यांदा दिसला.

प्लेगच्या दिवसांत

दुष्काळ ओसरायच्या आत दुसरं संकट आलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे प्लेगचा बंदोबस्त सोपवला गेला. मार्चपासून गोरे सोल्जर घराघरात शिरून रोगी शोधू लागले. देवघर, स्वयंपाकघर, बायकांची खोली, काही पाहिलं जात नव्हतं. सामान रस्त्यावर जाळलं जात होतं.

ज्यांना परवडत होतं ते पुणं सोडून गेले, त्यात पुढारीही होते. टिळक थांबले. रोगी वेगळा ठेवणं, घर साफ करणं, वस्ती मोकळी करणं याला त्यांचा विरोध नव्हता. उलट पुढाऱ्यांनी गावातच राहून लोकांना समजवावं, असं ते लिहीत होते. हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं करण्यात त्यांनी पुढाकार घेतला, तिथे स्वतः जात राहिले, आणि वेगळ्या ठेवलेल्या लोकांच्या छावणीत जेवणाची सोय लावली. त्यांचा आक्षेप शोधमोहिमेच्या पद्धतीला होता. लोकांच्या भल्याचं काम लोकांना गुन्हेगार समजून केलं तर लोक रोगी लपवतात, आणि साथ वाढते, हे त्यांनी ओळखलं होतं.

२२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या कटात टिळकांचा हात असल्याचं कधी सिद्ध झालं नाही. पण केसरीतल्या लिखाणासाठी २७ जुलैला त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. कायदे कौन्सिलाचा विद्यमान सभासद आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी ठरवलं, तीन हिंदी ज्युरींनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. मॅक्स म्युलरसारख्या विद्वानांनी विनंती केल्यानंतर सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले, पण कौन्सिलात पुन्हा कधी बसले नाहीत.

प्लेगने त्यांचं घरही सोडलं नाही. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ त्याच रोगाने गेला.

सुरतेचा मांडव

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि काँग्रेसमध्ये दोन तट पडले. एकीकडे फिरोजशहा मेहता, गोखले, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, दुसरीकडे टिळक, लाला लजपतराय, बिपिनचंद्र पाल, अरविंद घोष. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव झाले. पुढचं अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. तिथे टिळकपक्षाचा जोर, म्हणून जागा बदलून सुरत करण्यात आली.

तापीच्या काठी फ्रेंच गार्डनमध्ये मांडव पडला. सोळाशेच्या आसपास प्रतिनिधी आले. टिळकांच्या बाजूच्या लोकांचा मुक्काम आणि सभा हरिपुऱ्यात. त्यांची शंका एकच होती, की कलकत्त्याचे चार ठराव इथे पातळ केले जाणार. अध्यक्ष म्हणून रासबिहारी घोष यांचं नाव आलं. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बोलायला उभे राहिले, गोंधळ झाला, बैठक उठली. २७ तारखेला टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांना चिठ्ठी पाठवून बोलायची परवानगी मागितली. उत्तर आलं नाही. मग ते व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले.

तेवढ्यात टोकदार, लाल चामड्याचा तो दक्षिणी जोडा आला. सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून फिरोजशहांना चाटून गेला. मग लाठ्या निघाल्या, खुर्च्या उडाल्या. टिळकांच्या अंगावर लोक धावून आले तेव्हा त्यांना आपल्या हातांनी कवेत घेऊन वाचवणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते. पुण्यात दहा वर्षं ज्यांच्याशी वाकडं होतं, तेच. पोलिसांनी मांडव रिकामा केला आणि काँग्रेस फुटली.

सात महिन्यांनी, जुलै १९०८ मध्ये, दुसऱ्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. तिथे गीतारहस्य लिहून झालं. तिथेच असताना १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी कळली. १९१४ मध्ये सुटका, १९१६ मध्ये होमरूल लीग, आणि त्याच वर्षी लखनौला सुरतेची फूट सांधली गेली. ते पाहायला गोखले नव्हते. ते फेब्रुवारी १९१५ मध्येच वारले होते.

हिशेबाची दुसरी बाजू

टिळकांच्या खात्यावर नुसती जमाच नाही. १८९१ मध्ये मुलींच्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला, मुलींच्या शिक्षणाबाबत ते सुधारकांच्या बरेच मागे राहिले. १८९३-९४ पासून त्यांनी पसरवलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाने लोकांना रस्त्यावर एकत्र आणलं, पण त्यामागे हिंदू-मुसलमान तणावाची पार्श्वभूमीही होती.

सगळ्यात बोचणारी नोंद १९१७ ची आहे. अथणी, आज कर्नाटकात असलेल्या आणखी एका सीमाभागातल्या गावी, शेतकरी, तेली, तांबोळी यांनी कौन्सिलात जाऊन काय करायचं, अशा सुराचं त्यांचं भाषण झालं. त्या वेळी मराठा, लिंगायत आणि इतर समाज कौन्सिलात आपल्याला जागा असाव्यात म्हणून मागणी करत होते. ज्याला लोक कौतुकाने तेल्यातांबोळ्यांचा पुढारी म्हणत, त्याच्याच तोंडून हे ऐकून बहुजन समाज दुखावला. १९१८ मध्ये मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांनी भरवलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळक अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार बोलले, पण प्रत्यक्ष आचरणाच्या जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही. कुणब्याला नियम वाचून दाखवणारा हा माणूस, नियम करणाऱ्या खुर्चीवर कुणबी बसावा, इथपर्यंत मनाने पोचला नव्हता.

आयुष्याच्या शेवटी टिळक पुन्हा कौन्सिलाकडे वळले होते. १९१९ च्या सुधारणा अपुऱ्या आहेत हे मान्य करूनही, जे मिळतंय ते घेऊन पुढचं मागायचं, या हिशेबाने एप्रिल १९२० मध्ये त्यांनी निवडणूक लढवण्यासाठी काँग्रेस लोकशाही पक्षाचा जाहीरनामा काढला. मतदान त्यांना दिसलं नाही. १ ऑगस्ट १९२० च्या पहाटे मुंबईत सरदारगृहात त्यांचं निधन झालं.

आज काय उरलं

१८९७ चा साथीचा कायदा १९२० मध्ये टिळकांबरोबर गेला नाही. करोनाच्या वेळी २०२० मध्ये तोच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची धास्ती पसरली तेव्हा लाखो लोक रातोरात शहर सोडून गेले. त्यात खानदेशचे कामगारही होते. लोकांना विश्वासात घेतल्याशिवाय साथ आवरत नाही, हा पुण्याचा धडा सुरतेलाही लागू पडला.

आणेवारीही गेलेली नाही. महाराष्ट्रात तिची पैसेवारी झाली, पन्नास पैशांच्या खाली आली की गाव टंचाईत धरलं जातं. गुजरातेत आणावारी हा शब्द अजून चालतो. सीमेच्या अलीकडे-पलीकडे शेतं एकमेकांना लागून असतात, ढग एकच असतो, पण नियमाचं पुस्तक वेगळं आणि भाषाही वेगळी. नवापूरचा शेतकरी उच्छलच्या नातेवाइकाला विचारतो की तुमच्याकडे काय मिळालं, आणि दोघांनाही आपापल्या तालुक्याचा आकडा नक्की माहीत नसतो.

पीक बुडालं की गावची पैसेवारी किती लागली, ती कोणत्या तारखेला जाहीर झाली आणि हरकत कुठे घ्यायची, हे तहसील किंवा मामलतदार कचेरीत विचारता येतं. १८९६ मध्ये हे विचारायला शिकवल्याबद्दल एका संस्थेची मान्यता गेली होती. आज विचारायला कुणाची मनाई नाही.